फलकावरच्या माणसाचं माप

काजमामा माणसं नावाने लक्षात ठेवत नसत, मापाने ठेवत. त्यांच्या दुकानातल्या बाकावर घटकाभर बसलं की कळायचं, ‘आखूड हात’ म्हणजे शाळेचे मुख्याध्यापक आणि ‘पुढे पोट’ म्हणजे बँकेतला रोखपाल. कोणी वारलं तरी मामा हळहळायचे ते मापावरच. ‘पाठ सरळ होती हो त्याची,’ म्हणायचे, ‘कापडाला कधी त्रास दिला नाही.’

त्यांना काजमामा म्हणत ते काजांमुळे. बाकी सगळं शिवणयंत्रावर, पण शर्टाचं असो की कोटाचं, काज हातानेच. ‘यंत्र नुसतं भोक पाडतं,’ ते म्हणत. ‘आधी कडा बांधायची, मग कापायचं. माणसंही आधी कापतात आणि मग कडा शोधत बसतात.’ हे वाक्य त्यांनी आयुष्यात इतक्यांदा म्हटलं होतं की मामी ते आतून, भांडी घासता घासता पुरं करायच्या.

दुसरी एक सवय होती. शिवून झालेला प्रत्येक कपडा ते एकदा स्वतः अंगात घालत. मोठा असो, लहान असो, आरशासमोर उभं राहून खांद्याची शिवण बघत. हँगरला खांदे नसतात, हाडं नसतात, असं त्यांचं म्हणणं. लहान मुलाचा सदरा असेल तर तो नुसता छातीशी धरत. चौकातल्या गुडघ्यांच्या दवाखान्याने पांढऱ्या कोटांचं काम त्यांना दिलं, तेव्हापासून आमच्या गल्लीला अधूनमधून आरशासमोर एक डॉक्टर उभा दिसू लागला. पिकलेले केस, मागे वळवलेले. नाकावर चष्मा. गळ्यात टेप. चेहरा असा की रस्त्यात अनोळखी माणसाने पत्ता विचारावा तर यांनाच.

कोट मामा शिवत आणि शेजारच्या टेबलावर इस्त्रीवाली अक्का ते कडक करी. अक्का मामांपेक्षा वयाने मोठी. दिवसभर उभं राहून तिचे गुडघे कामातून गेले होते. दोघांमध्ये एक खिळा होता भिंतीला. मामा शिवलेला कोट त्याच्यावर टांगत, अक्का उचले. बोलणं लागत नसे, तरी दिवसभर चालायचं.

दवाखान्यातली माणसं मापं द्यायला दुकानात आली, त्यात एक होता ‘डावा खांदा’. डावा खांदा उजव्यापेक्षा चांगला खाली उतरलेला, वर्षानुवर्षं जड पेटी वाहिल्यासारखा. मामांनी टेप लावता लावता विचारलं, “पूर्वी काय वाहत होता?”

“नमुने,” तो म्हणाला. “औषधांचे. दुकानोदुकानी फिरायचो.”

“आणि आता खिशावर डॉक्टर भरायचं?”

“साहेबांनी सगळ्यांच्याच खिशावर सांगितलंय.”

“कशाचे डॉक्टर?”

त्याने उतरलेला खांदा जरा उचलला. “कशाचे म्हणजे? इथले.”

अक्का मोठ्याने हसली. मामाही हसले. आणि मामांनी निळ्या दोऱ्याने त्याच्या खिशावर ‘डॉ.’ भरलं. सुबक भरलं. अक्काने त्यावर इस्त्री फिरवली. कोणाच्या मनात काही आलं नाही. कापडावर काय लिहायचं हे गिऱ्हाईक सांगतं, बारशाचं कुंची-टोपडं असो की खेळाडूचा बनियन.

कोट न्यायला दवाखान्याचा व्यवस्थापक स्वतः आला. त्याच्या शर्टाची कॉलर नेहमी हनुवटीला टेकलेली, म्हणून तो ‘उंच कॉलर’. शेवटचा कोट मामांच्या अंगात होता. उंच कॉलर दारातच थबकला. “मामा, असेच उभे राहा. हलू नका. दुकानाची जाहिरात करून देतो तुमच्या.” त्याने फोन काढला. मामा हसले. कोणीतरी आपल्याकडे बघतंय म्हटल्यावर माणूस जसा हसतो तसे.

थोड्याच दिवसांत समोरच्या बैठ्या गोदामाच्या छतावर, लोखंडी चौकटीत, मामा उगवले. छातीपासून वर, दोन मजली. गळ्यातल्या टेपची नळी झाली होती. टेप होती तिथेच, तशीच लोंबणारी, पण आता तिच्या टोकाला छाती तपासायची चकती. डोक्याशी अक्षरं: ‘गुडघे दुखतात? कापाकापीविना बरे करू. तज्ज्ञ डॉक्टरांच्या हातून.’ खाली दवाखान्याचा पत्ता. नाव कोणाचंच नाही.

मामा दुकानाच्या पायरीवर येऊन बराच वेळ वर बघत राहिले. मग म्हणाले, “खांदा बरोबर बसलाय.”

मामींना मात्र ते चित्र आवडलं. खरं सांगायचं तर फार आवडलं. सकाळी खिडकी उघडली की समोर नवरा, तोही हसणारा. “घरातला तर मान वर करून बघत नाही,” त्या शेजारणींना सांगत. “निदान बाहेरचा तरी बघतो.” जन्मभर वाकून बसलेल्या माणसाला कोणीतरी ताठ उभं केलं होतं. त्याचं त्यांना काय वाटत असेल ते त्यांनी कोणाला सांगितलं नाही; फक्त खिडकीचा पडदा धुवून काढला आणि पुन्हा लावला नाही.

मग लोक येऊ लागले. पँट लांब करायला आलेला माणूस जाता जाता जीभ बाहेर काढून दाखवी. कोणी दंडावरची पुरळ दाखवी, कोणी खोकून दाखवी. “अहो, तोंड मिटा आणि बाही पुढे करा,” मामा ओरडत. लोकांना वाटे, मोठा माणूस, पण किती साधा. दुकान तर दुकान, तिथेही रुग्ण सोडत नाही. जो ओळखीचा होता, तोही वर बघे, खाली बघे आणि जरा आदराने बोले. मामा शिंपी आहेत हे सगळ्यांना माहीत होतं. पण वरचं चित्र मोठं होतं आणि माहिती लहान.

एका दुपारी अक्का इस्त्रीच्या टेबलाशी खुर्ची ओढून बसली. अक्का बसून इस्त्री करतेय हे आम्ही पहिल्यांदाच पाहिलं. तिचा उजवा गुडघा लुगड्याखालून दिसावा इतका सुजला होता.

“काय केलंस ग अक्का?” मामांनी विचारलं.

“सुई घेतली. तुझ्या दवाखान्यात.”

“माझ्या?”

“मग कोणाच्या? वर तूच आहेस ना!” तिने इस्त्रीनेच समोर खूण केली. “पहिल्या सुईनंतर सूज येते म्हणाले. आणखी दोन बाकी आहेत. पुढच्या सोमवारी बोलावलंय.”

“दिली कोणी?”

“तुझा तो, पेटीवाला. डावा खांदा.”

मामांच्या पायाखालची पट्टी थांबली. शिवणयंत्र बंद झालं. “अक्का, तो औषधांचे नमुने विकायचा. तू हसली होतीस त्याच्यावर. माझ्यासमोर.”

“तेव्हाचं तेव्हा. मग तू त्यांच्यात गेलास. मी म्हटलं, आपला मामा उगाच कोणाच्या पाठीशी उभा राहायचा नाही. माणूस खराब असता तर याने आपलं तोंड दिलं असतं का?”

“मी तोंड दिलं नाही. त्यांनी घेतलं.”

“एकच की.”

“एक नाही! जाऊ नकोस सोमवारी. तक्रार कर.”

अक्काने कोट उलटा केला. “तुझ्या तोंडावर तक्रार? गल्ली काय म्हणेल? नाव तुझंच जाईल. गुडघा माझा गेला तर गेला.”

हे ऐकून मामा उठले. त्यांना हे कसं लागलं ते आम्हाला नंतर कळलं. फसवणूक झाली असती तर ते चिडले असते. पण अक्का फसली नव्हती. अक्का त्यांच्या चेहऱ्याला सांभाळत होती, सुजलेल्या गुडघ्याने. ती सोमवारी पुन्हा जाणार होती, आणि तिथे तिला नेणारा माणूस तेच होते.

ते तसेच, बाहीला टाचण्या लावलेले, दवाखान्यात गेले. उंच कॉलर त्याच्या काचेच्या खोलीत होता.

“माझं चित्र काढा,” मामा म्हणाले.

“अहो, किती छान आलंय! लोक विचारतात कोण डॉक्टर म्हणून.”

“काय सांगता?”

“काही नाही सांगत. आम्ही कुठे लिहिलंय तुम्ही डॉक्टर आहात? वाचा. तज्ज्ञ डॉक्टरांच्या हातून. चित्रातला माणूस तज्ज्ञ आहे असं कोण म्हणालं?”

“मग मी तिथे काय करतोय?”

“हसताय.” उंच कॉलर स्वतःही हसला. “मामा, कॅमेऱ्याकडे बघून हसलात ना तुम्ही? ती संमती. आता पुढच्या कोटांचं बघा, कापड पाठवलंय.”

कापड खरंच आलं होतं. पांढरंशुभ्र, अख्खा तागा.

दुसऱ्या दिवशी मामा दुकान बंद ठेवून परिषदेच्या कार्यालयात गेले. डॉक्टर, परिचारिका, औषधवाले सगळ्यांचे परवाने जिथून निघतात ते कार्यालय. तिथल्या बाई शांत होत्या, जेवणाचा डबा अर्धा उघडा ठेवून ऐकत होत्या. त्यांनी नियम दाखवला. नवाच होता. उपचार करणाऱ्याने जाहिरातीत आपलं नाव, शिक्षण आणि परवान्याचा प्रकार स्पष्ट लिहावा. कामावर असताना तीच माहिती छातीवरच्या पट्टीवर लावावी. पट्टी झाकलेली नसावी, उलटी नसावी, समोरच्याला सहज वाचता यावी.

“झालं तर,” मामा म्हणाले. “लावा त्यांना.”

“तुम्ही उपचार करता का?”

“नाही हो. मी शिंपी.”

“मग तुमच्या चित्राला हा नियम लागत नाही. नियम उपचार करणाऱ्यांना आहे.”

“आणि जो करतो, तो डावा खांदा?”

“त्याच्याबद्दल रुग्णाने तक्रार द्यावी लागेल. तुम्ही रुग्ण आहात?”

“माझे गुडघे ठणठणीत आहेत.”

“मग कठीण आहे.” बाईंना खरंच वाईट वाटत होतं. “बघा, डॉक्टर असतात त्यांना नियम आहे. डॉक्टर नसून डॉक्टर म्हणवतात त्यांना आहे. तुम्ही डॉक्टर नाही आणि म्हणवतही नाही. तुम्ही कशातच बसत नाही.”

मामा उठले, दारापर्यंत गेले आणि परत आले. “एक सांगा बाई. एखाद्याने आपण होऊन पट्टी लावली, खरं खरं लिहून, तर कोणता नियम आडवा येतो?”

बाईंनी डब्याचं झाकण लावलं. “खरं लिहायला कुठला नियम आडवा येणार?”

घरी आल्यावर मामांनी टेबलावर तो पांढरा तागा उलगडला. मामी बघत राहिल्या. “हे दवाखान्याचं कापड आहे.”

“कोटासाठीच पाठवलंय. कोटालाच लावतोय.”

“कोणत्या कोटाला?”

मामांनी खिडकीतून बोट दाखवलं.

मामींनी ताग्याची कड बोटांत धरून बघितली. मग म्हणाल्या, “पुढचं काम जाईल.”

“जाईल.”

“लोक हसतील.”

“आता काय रडतात?”

“मला आवडायचं हो ते,” मामी म्हणाल्या, आणि आत गेल्या. मामांना वाटलं, संपलं. पण त्या बाहेर आल्या त्या गाद्या शिवायचा दाभण आणि सुतळीचा गुंडा घेऊन. “तुमच्या त्या दोऱ्याने तो फलक ऐकायचा नाही. जाड आहे. तुमच्यासारखाच.”

गोदामाच्या रखवालदाराने शिडी दिली. त्याला त्या चित्राशी काही देणंघेणं नव्हतं. मामांनी त्याच्या गणवेशाची चेन फुकट बदलली होती, एवढंच. मामा भर सकाळी छतावर चढले आणि स्वतःचं माप घेऊ लागले. आधी खिसा. मग खिशापासून गुंडीपर्यंत. मग खिशापासून काखेपर्यंत, जिथवर हात पोचला तिथवर. खाली रस्त्यावर माणसं थांबली. एवढ्या मोठ्या गिऱ्हाइकाचं माप घेताना मामांना कोणी पाहिलं नव्हतं. “मामा, श्वास सोडायला सांगा त्याला!” रोखपाल खालून ओरडला. “पोट आत ओढलंय त्याने!”

दोन दिवस यंत्र चालू होतं. अक्का बाजूला बसून गल्लीतल्या कपड्यांना इस्त्री करत होती आणि विचारत नव्हती. मामाही सांगत नव्हते. खिळ्यावर काही टांगलं जात नव्हतं.

सोमवार उजाडला. अक्काला दुपारी बोलावलं होतं. मामा ऊन चढायच्या आत पट्टी खांद्यावर टाकून निघाले. अंथरुणावरच्या चादरीएवढी ती पट्टी, दुहेरी, कडेने दुमडलेली. मामी मागोमाग शिडी चढल्या. त्या वयात, त्या अंगाने मामी शिडी चढल्या हीच गल्लीला मोठी बातमी होती. मामा चित्राच्या पुढे उभे राहिले, मामी मागे, चौकटीच्या सळ्यांमध्ये. मामा दाभण आत घालत, मामी पलीकडून परत पाठवत. दोघांच्या मध्ये मामांचीच छाती.

“खाली घ्या जरा,” मामींचा आवाज फलकातून येई. “माझं बोट शिवाल.”

“कुठे आहे तुझं बोट?”

“तुमच्या काळजापाशी. जन्मात पहिल्यांदा.”

खाली हशा. मामा शिवत राहिले. साधा टाका नव्हता तो. प्रत्येक टाक्याला सुतळीची गाठ कडेवर घेत, एकाला एक लावून, काजाला घालतात तसा. पट्टीच्या चारी बाजूंना. वाऱ्याने फलक फुगे, पुन्हा बसे. वरचा मामा श्वास घेतोय असं वाटे.

पट्टी अर्धी लागली तेव्हाच अक्षरं वाचता येऊ लागली होती. निळ्या कापडाची अक्षरं कापून शिवलेली, डॉक्टरांच्या खिशावर भरायचा तोच निळा रंग.

काजमामा. शिंपी. शिक्षण सातवी. परवाना दुकानाचा. दुकान समोर. गळ्यात टेप आहे, नळी नाही.

उंच कॉलर पळत आला. त्याच्यामागे कोटातली दोन-तीन माणसं. “मामा, खाली उतरा! दुसऱ्याच्या मालमत्तेला भोकं पाडताय तुम्ही!”

“मालमत्ता माझी आहे,” मामा वरून म्हणाले. दाभण तोंडात होता, तो काढून पुन्हा म्हणाले, “ही छाती माझी. कोट मी शिवलेला. नळी तेवढी तुमची, ती काढून घ्या.”

“तुमच्यावर दावा लावेन!”

“लावा. तिथे विचारतील, हा वरचा कोण? तेव्हा नाव तर लिहावं लागेल तुम्हाला.”

“कोणाच्या परवानगीने लावताय हे?”

“तुम्ही हसताय का माझ्याकडे बघून?” मामांनी वाकून बघितलं. “नाही? मग तुमची संमती नाही असं धरतो. मामी, पुढचा टाका.”

गर्दी आता शिट्ट्या मारत होती. उंच कॉलरमागे उभ्या असलेल्या कोटांपैकी एकाने हळूच आपला खिसा हाताने झाकला. डावा खांदा होता तो. आणि खिसा झाकताना अक्काने त्याला पाहिलं.

अक्का उठून, टेबलाला धरून, रस्ता ओलांडून त्याच्यासमोर गेली. सुजल्या पायाने तिला वेळ लागला.

“हात काढ,” ती म्हणाली.

“अक्का, दुपारी या ना, आत बोलू.”

“हात काढ. त्यावर मी इस्त्री फिरवलीये, मला ठाऊक आहे काय आहे खाली. कशाचा डॉक्टर आहेस?”

डाव्या खांद्याने उंच कॉलरकडे बघितलं. उंच कॉलर फलकाकडे बघत होता.

“तो वर बघ,” अक्का म्हणाली. “सातवी शिकलाय, तर सातवी लिहिलंय, भिंतीएवढं. तुला तळहाताएवढं लिहायला काय झालं?”

डावा खांदा म्हणाला, “मला सुई द्यायला शिकवलंय, अक्का. दोन आठवडे.” तो खरंच एवढंच म्हणाला, आणि ते सगळ्यांनी ऐकलं. मला त्याची कीव आली. अक्काला नाही आली. गुडघा तिचा होता.

ती दुपारी दवाखान्यात गेली नाही. रखवालदाराच्या गाडीवर मागे बसून परिषदेच्या कार्यालयात गेली आणि त्या शांत बाईंसमोर लुगडं गुडघ्यापर्यंत वर घेऊन म्हणाली, “मी रुग्ण. लिहा.”

दवाखान्याने माणसं पाठवून पट्टी काढायचा प्रयत्न केला. टाके उसवेनात. एक कापला तर शेजारचा धरून ठेवी. काजाचा टाका असतोच तसा. शेवटी त्यांनी पात्याने टाक्यांच्या आतून फलकच कापला आणि पट्टी फलकासकट नेली. राहिलं ते मामांच्या छातीवर एक चौकोनी भोक, चारी बाजूंनी सुतळीने बांधलेलं, पलीकडे आभाळ. वारा सुटला, वावटळ आली, शेजारचे फलक फाटून लोंबू लागले. ते भोक इंचभर वाढलं नाही.

परगावची माणसं विचारत, तिथे काय होतं? गल्लीतलं शेंबडं पोरसुद्धा सांगे. शिंपी, सातवी, दुकान समोर. पट्टी होती तेव्हा वाचणाऱ्यांनाच कळत होतं. भोक पडल्यावर सगळ्यांनाच विचारावंसं वाटू लागलं.

“कडा मी बांधली होती,” मामा म्हणत. “कापायचं तेवढं राहिलं होतं. ते त्यांनी करून दिलं.” आणि हे नवं वाक्यही मामी आतून पुरं करायच्या.

परिषदेची माणसं येऊन गेली. डावा खांदा दिसेनासा झाला. कोट आता दुसऱ्या कोणाकडे शिवायला जाऊ लागले. अक्काचा गुडघा दुसरीकडे, सरकारी रांगेत, एका पोरसवदा डॉक्टरीणबाईने बघितला. अक्काने तिची पट्टी आधी वाचली, मोठ्याने, परवान्याच्या प्रकारासकट, आणि मगच पाय पुढे केला. सूज उतरली. दुखणं राहिलं. ते राहणारच होतं, असं त्या बाईंनी तोंडावर सांगितलं, आणि अक्काला ते आवडलं.

मग एका सकाळी तो भोकाचा फलक उतरला आणि त्याच चौकटीत नवा चढला. पांढऱ्या कोटातली एक तरुण मुलगी, हात बांधून उभी, कोणाकडे तरी बघून हसणारी. ‘गुडघे दुखतात? आता नव्या पद्धतीने.’ नाव नाही.

मामा पायरीवर आले. वर बघत राहिले. अक्काही इस्त्री आडवी ठेवून उठली.

“कोण असेल ग ही?”

“कोणाची तरी पोर,” अक्का म्हणाली. “बँकेत असेल, दुकानात असेल. तिला सांगितलं असेल, हलू नकोस.”

मामांनी गळ्यातली टेप काढून हातावर गुंडाळली. कोटाचा खांदा त्या मुलीला मोठा होता, हे त्यांच्या डोळ्यांना दिसलं असणार. दुसऱ्याचा कोट होता.

“मामी,” त्यांनी आत हाक मारली, “सुतळी उरलीये का?”

“दाभण पण उरलाय,” आतून आवाज आला. “शिडी आणा.”

“शिडी मी धरते या वेळी,” अक्का म्हणाली, आणि आपली खुर्ची उचलून रस्ता ओलांडू लागली.